बारीक जाळी

"आग ही पाहुणी असते रे," प्रणिता पड्याळ आपल्या पोरांना म्हणायची. "येते, धिंगाणा घालते, जाते. खरे हाल तिच्यामागची भांडी घासताना होतात."

आंबेखोल औद्योगिक वसाहतीच्या अग्निशमन केंद्राची ती प्रमुख. पंचेचाळिशीची, आवाज खणखणीत, लग्नाच्या भानगडीत न पडलेली. केंद्रातली निम्मी पोरं तिला मॅडम म्हणत, उरलेली ताई म्हणत, आणि चुकलं की दोन्हीकडची सारखीच बोलणी खात. आग विझताना फोटो काढायला सगळं जग जमतं आणि मागचा राडा उपसायला काळं कुत्रं फिरकत नाही, हा तिचा ठेवणीतला राग होता. खरं बोलायचं तर तो खोटाही नव्हता.

त्या दिवशीही तेच झालं. पहाटे रंगाच्या कारखान्यात टाकी पेटली. दहाच्या सुमारास प्रणिताच्या माणसांनी ती विझवली, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मॅनेजरने हात जोडले, चहा मागवला, कॅमेरेवाले निघून गेले. पण टाकीतलं अर्धंअधिक टोल्युइन जळलंच नव्हतं. रंगाच्या दुकानात शिरल्यावर थिनरचा जो वास थेट डोक्यात जातो, तो या टोल्युइनचा. बंबांनी ओतलेल्या पाण्यावर तरंगत ते वसाहतीच्या मोठ्या नाल्यात उतरलं होतं, आणि नाला जात होता खाडीकडे.

नाल्याच्या तोंडाशी मातीचा बांध आहे आणि बांधात उघाडी. कोकणात खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारट जमिनीच्या, बांधांना ही लाकडी झडप पिढ्यान्‌पिढ्या असते. भरतीचं पाणी बाहेरून रेटतं तेव्हा ती आपोआप मिटते, ओहोटी लागली की आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. ना मोटर, ना माणूस. भरती होती तोवर टोल्युइन आत कोंडलेलं होतं. दुपारनंतर ओहोटी लागणार होती, तीही अमावास्येची. म्हणजे खाडी पार तळ दाखवणार आणि नाला भसाभस रिकामा होणार.

"ताई, उघाडीला आडवे वासे ठोकून ती बंदच ठेवली तर?" सिद्धेश घाणेकरने विचारलं. तो तिचा नोझलवर उभा राहणारा भरवशाचा गडी.

"आणि नाला तुंबून हे सगळं शेजारच्या गरम टाक्यांखाली शिरलं तर? पुन्हा पेटवायचंय का?"

सिद्धेशने पाइप उलगडायला घेतला.

उघाडीच्या पलीकडे खाजणवाडी होती. प्रणिताचं गाव. तिथे तिचा थोरला भाऊ रूपेश होडी चालवायचा आणि वहिनी समिधा ओहोटीला इतर बायकांबरोबर चिखलात तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायची. याच वसाहतीत पूर्वी एक मोठी आग लागली होती. प्रणिता तेव्हा नोकरीत नवी. त्या वेळचा फेस आग झटक्यात विझवायचा, पण त्यातलं रसायन काही केल्या मरत नसे. पाण्यात राही, मासळीत राही, मासळी खाणाऱ्याच्या रक्तात राही. खाजणवाडीची मासळी बाजारात कुणी घेईना. रूपेशने बहिणीशी बोलणं टाकलं. "तुमच्या बंबाने आमची चूल विझवली," एवढंच तो म्हणाला आणि पुढची कितीतरी वर्षं दारात उभं केलं नाही. मधला धागा धरून ठेवला तो समिधाने. नवऱ्याला न सांगता डबा घेऊन केंद्रावर यायची, तिसऱ्यांचं सुकं प्रणिताच्या पुढ्यात ठेवायची आणि म्हणायची, "खा गो, तुझ्या भावाचं डोकं नारळासारखं आहे. फुटेल कधीतरी."

फुटलं ते खादाडमुळे.

खादाड हे पोरांनी ठेवलेलं नाव. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक होतं. पेट्रोल पंपाभोवतीच्या मातीत काही जिवाणू आपसूक वाढतात, सांडलेलं इंधन खाऊन जगतात. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत डॉ. केतकी दामले यांनी अशाच एका जिवाणूची भूक वाढवली. एरवी त्याला महिने लागायचे तेवढं तो आता तासाभरात फस्त करू लागला. पावासाठी सुकं यीस्ट मिळतं ना, तसा तो पिंपातल्या द्रावणात निजलेला असतो. द्रावण पाण्यात मिसळून नोझलमधून फेस काढला की बुडबुड्यातल्या हवेवर तो जागा होतो, टोल्युइन खातो आणि मागे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. आपण उच्छ्वासातून सोडतो तोच वायू. बुडबुडा फुटला की तो उघड्या पाण्यात पडतो आणि मरतो. त्याची घडणच तशी केलेली. खायचं आणि मरायचं, मागे काही उरायचं नाही.

हा फेस केंद्रात यावा म्हणून प्रणिताने वरच्यांच्या नाकी नऊ आणले होते. आला तेव्हा खाजणवाडीच्या देवळासमोर तिने तो सगळ्यांना दाखवला. स्वतःचे हात कोपरापर्यंत फेसात घातले, चिमूटभर जिभेवर ठेवला. पोरं फेसात नाचली. समिधाने पोरांकडून फेसाच्या मिशा काढून घेतल्या. रूपेश लांब उभा होता. शेवटी जवळ येऊन म्हणाला, "बाय, खाडीत काही जाणार नाही ना? शब्द दे."

"दिला," प्रणिता म्हणाली.

त्या रात्री ती किती वर्षांनी भावाच्या घरी जेवली.

तर आता नाल्याच्या काठावर बंबाच्या फळीवर तीन नोझल मांडलेली होती आणि तो शब्द प्रणिताच्या मानेवर बसला होता.

नोझल निवडणं बाहेरच्याला किरकोळ वाटतं. पण फेस म्हणजे पाणी, द्रावण आणि हवा, आणि यात हवा किती, बुडबुडा केवढा, हे सगळं नोझल ठरवतं. लांब नळीच्या नोझलचा फेस पातळ. तो दूर जातो, आगीवर मारायला बरा, सफाईला कुचकामी. मोठ्या जाळीच्या नोझलचे बुडबुडे बोराएवढे. ते लवकर फुटतात, त्यामुळे खादाडही लवकर मरतो. सफाईसाठी नियमाने तेच वापरायचं, थर बसला की पुन्हा मारायचा, पुन्हा बसला की पुन्हा. तिसरं बारीक जाळीचं. त्याचा फेस दाट, लोण्याच्या गोळ्यासारखा, फुटायचं नाव घेत नाही.

सिद्धेशने नियमाप्रमाणे मोठी जाळी लावली. फेस नाल्यात पडला आणि दक्षिणेच्या वाऱ्याने उडायला लागला. उरला तो टोल्युइनवर टेकताच चुर्र करत विरला. दोन पिंपं संपली तरी हातातल्या टोल्युइन मोजणाऱ्या मीटरचा आकडा जेमतेम हलला होता.

प्रणिताने ओंजळभर फेस उचलला, तळहातावर घेतला आणि हात उलटा केला. फेस ओघळून खाली पडला. फेसवाल्यांची ही जुनी परीक्षा. बापासारख्या वस्तादांनी तिला शिकवलेली आणि तिने पोरांना शिकवलेली. हात उलटा केल्यावर चिकटून राहतो तो खरा फेस, गळतो तो साबणाचं पाणी. या परीक्षेत नापास झालेल्या फेसावर फेसवाल्याचं मन बसतच नाही, मग कागदावर काहीही लिहिलेलं असो.

"हे काय ताकाचं पाणी मारतोयस?" ती वैतागली.

"नियमात हेच आहे, ताई."

"नियम लिहिला त्याने हा वारा बघितला नव्हता."

तरी तिने दामलेबाईंना फोन लावला. मनमानी करणारी बाई ती नव्हती. "बाई, मोठ्या जाळीचा टिकत नाहीये. ओहोटी तोंडावर आलीय. बारीक जाळी लावू का?"

बाई म्हणाल्या, "उघड्या जागेत धोका काही नाही. फेस जास्त वेळ जगेल इतकंच. नंतर फार पसरू देऊ नका."

"पसरून करेल काय? मरेलच ना?"

"मरेल. उशिरा, पण मरेल."

प्रणिताने फोन खिशात टाकला आणि बारीक जाळीचं नोझल स्वतःच्या हाताने पाइपाला आवळलं.

काय फेस आला म्हणून सांगू! नाला काठोकाठ पांढरा झाला. वाऱ्याने हलेना, उन्हाने बसेना. सिद्धेशने तळहातावर घेऊन हात उलटा केला, वर थोडा झटकला, तरी तो ढिम्म. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मीटरचा आकडा बघता बघता खाली आला आणि ओहोटीने उघाडी पहिल्यांदा करकरली तेव्हा शून्यावर होता. प्रणिता स्वतः बांधावर जाऊन उभी राहिली. उघाडीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर तिने मीटर धरला. शून्य. पुन्हा धरला. शून्य. वास नाही, तवंग नाही. पाण्याबरोबर पांढरे पुंजके बाहेर चालले होते, तेवढेच. तिच्या जिवात जीव आला. इतकी हलकी ती कित्येक वर्षांत झाली नव्हती.

चारच्या सुमारास समिधाचा फोन आला. "काय गो, आटपलं का तुझं? आम्ही बायका बांधावर खोळंबलोय. सकाळपासून तुझा भाऊ कुणाला खाली उतरू देत नाही. म्हणतो, प्रणिता सांगेल तेव्हाच."

"दादा असं म्हणाला?"

"मग! आता तुझ्याशिवाय त्याचं पान हलत नाही. अमावास्येची सुकती आहे, ओहोटीला अशी खाडी पुन्हा पंधरा दिवस उघडी पडायची नाही. सांग, उतरू का?"

"उतरा," प्रणिता हसत म्हणाली. "पाणी स्वच्छ आहे. मी स्वतः तपासलंय. फेस दिसेल थोडा, घाबरू नका."

"तुझ्या फेसाला कोण घाबरतंय? रात्री जेवायला ये. मोठ्या मोठ्या आणते कांदळातल्या."

प्रणिताने बूट काढले, बंबाच्या पायरीवर बसली आणि मॅनेजरचा तो सकाळचा गार झालेला चहा आनंदाने प्यायली.

पुन्हा फोन वाजला तो रूपेशचा. तो बोलत नव्हता, ओरडत होता. मागे बायकांचा आकांत ऐकू येत होता. "बाय, ये लवकर! पऱ्यात उतरलेल्या बायका पडल्या! फेसात गेल्या, दिसत नाहीत!"

प्रणिताने पोरांना हाक मारली आणि टँकर बांधाकडे पिटाळला.

उघाडीपासून खाडीपर्यंत जो ओहळ जातो त्याला खाजणवाडीत पऱ्या म्हणतात. ओहोटीला तो कोरडा पडतो, दोन्हीकडे पुरुषभर उंच चिखलाचे काठ, वर कांदळाची झाडं, आत वारा म्हणून शिरत नाही. नाल्यातला सगळा फेस पाण्याबरोबर तिथे येऊन बसला होता. दाट, शुभ्र, कमरेएवढा. काठावर राहिलेल्या बायका छाती पिटत होत्या.

"येताना दिसला गो," त्यातली एक रडत म्हणाली. "पण तुझाच फेस. आम्ही हसलो. गुडघ्याला आला, मांडीला आला, तरी आम्ही हसतच. त्या खाली वाकून काढत होत्या. वाकल्या त्या वर आल्याच नाहीत!"

ते ऐकलं मात्र आणि प्रणिताच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. असा प्रकाश वैऱ्याच्याही डोक्यात पडू नये. टोल्युइन संपलं होतं, पण बारीक बुडबुडा फुटला नव्हता. फुटला नाही म्हणून खादाड मेला नव्हता. पऱ्यातला चिखल म्हणजे कुजलेल्या पानांचं कोठार, तेही त्याला चाललं. बुडबुड्यातल्या हवेतला होता नव्हता तो प्राणवायू त्याने ओढून घेतला आणि उलट सोडला कार्बन डायऑक्साइड. हा वायू हवेपेक्षा जड. खोलगट जागी पाण्यासारखा साचतो. पऱ्यात उभ्या माणसाचं नाक फेसाच्या वर होतं, त्याला काही कळत नव्हतं. वाकलेल्या माणसाच्या छातीत दोन-तीन श्वासांत प्राणवायू नसलेली, त्या वायूने भरलेली हवा जात होती. ना वास, ना रंग. माणूस ओरडायच्या आत कोसळतो.

आणि तिसऱ्या वाकूनच काढतात.

तिने बांधावर आणलेल्या टँकरकडे बघितलं. सकाळच्या आगीत तो जवळजवळ रिकामा झाला होता. पाठीवर बांधायच्या श्वासाच्या नळकांड्यांपैकी एकात थोडी हवा शिल्लक. फेस मोडायचा तर त्यावर पावसासारखा बारीक शिडकावा मारावा लागतो. जोराची धार मारली तर तो आणखी फुगतो. शिडकाव्याला पाणी जास्त लागतं. पऱ्याला पुढे दोन फाटे होते, एक जुन्या धक्क्याकडे जाणारा, एक कांदळवनात शिरणारा. पाणी एकाच फाट्याला पुरणारं होतं.

"बाय, कांदळात!" रूपेशने तिचा दंड धरला. "समिधा कांदळात गेलीय!"

"तिकडे आणखी कोण?"

"ती एकटीच. पण बाय..."

"आणि धक्क्याकडे?"

रूपेश कांदळाकडेच बोट दाखवत राहिला. काठावरच्या बाईनेच सांगितलं, "हर्षदा आणि काशीबाय."

प्रणिताने भावाकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचं तिच्याच्याने झालं नसतं. "सिद्धेश," ती म्हणाली, "शिडकाव्याचं नोझल. धक्क्याकडे."

रूपेशने तिचा दंड सोडला. वळला आणि कांदळाच्या बाजूने फेसात उडी मारली.

"दादा, वाकू नकोस!" ती जिवाच्या आकांताने ओरडली. "पायाने चाचप! दम धरूनच खाली जा!"

त्याने मान वर ठेवली. कमरेएवढ्या फेसात तो पाय घासत घासत चालला होता. प्रणिताने नळकांडं चढवलं आणि धक्क्याच्या बाजूने सिद्धेशच्या शिडकाव्याखाली शिरली. फेस मोडत गेला तसा आधी काशीबायचा हिरवा पदर दिसला, मग तिच्याशेजारी हर्षदा, एका कुशीवर, हात अजून चिखलात रुतलेला. हर्षदाला उचललं तेव्हा तिने उचकी दिल्यासारखा श्वास घेतला. काशीबायला पोरांनी काठावर निजवून छाती दाबली, दाबली, दाबत राहिली. तीही परतली. काठावरच्या बायकांनी रडत रडत प्रणिताच्या पाठीवरून हात फिरवले. ती मात्र कांदळाकडे धावत सुटली होती.

टँकर तोवर कोरडा झाला होता.

रूपेश कांदळाच्या मुळांशी थांबलेला दिसला. त्याच्या पायाला काहीतरी लागलं होतं. त्याने छाती भरून श्वास घेतला, फेसात बुडाला आणि समिधाला खांद्यावर घेऊन वर आला. काठावर निजवली. केसांत, पापण्यांवर फेस. प्रणिता गुडघ्यांवर बसली आणि तिने आपल्याला येतं ते सगळं केलं. सिद्धेशने केलं. दोघांनी आळीपाळीने केलं. सूर्य खाडीच्या तोंडाशी गेला तेव्हा सिद्धेशने हळूच तिचे हात धरून बाजूला केले.

रूपेश बायकोच्या तोंडावरचा फेस हाताने पुसत होता. तो निघता निघत नव्हता.

"मी नको म्हणत होतो," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "सकाळपासून नको म्हणत होतो. तू सांगितलंस म्हणून ती उतरली."

"दादा..."

"मला कळतंय, तिकडे दोघी होत्या. मी वेडा नाही. पण आता तू घरी जा, बाय."

ती गेली. कशी गेली ते तिला कधी आठवलं नाही.

पुढे जे व्हायचं ते झालं. चौकशी बसली. सफाई शंभर टक्के यशस्वी झाल्याचं तिच्यात निष्पन्न झालं, कारण खाडीत टोल्युइनचा थेंब गेला नव्हता. बारीक जाळी वापरायला तज्ज्ञांची तोंडी परवानगी होती, म्हणून प्रणितावर ठपका आला नाही. ठपका आला असता तर तिला बरं वाटलं असतं. दामलेबाई एकदा फोनवर रडल्या. "आम्ही सगळं तपासलं होतं हो, मासळी, कातडी, डोळे. माणसं फेसात चालवून बघितली. हवा मोजणारे मीटर सगळ्यांच्या छातीवर लावलेले. सगळ्या चाचण्या उभ्या माणसांवर केल्या. कुणी वाकून काम करेल हे आमच्या डोक्यातच आलं नाही."

"माझ्या आलं पाहिजे होतं," प्रणिता म्हणाली. "मी त्यांच्यात वाढले."

प्रणिताने फोन ठेवला आणि केंद्रातली बारीक जाळीची सगळी नोझल गोळा करून भंगारात देऊन टाकली. त्याने काही होणार नव्हतं हे तिला ठाऊक होतं. दुसऱ्या केंद्रांतून तिला आता बोलावणी येत होती, कारण तुमच्यासारखी सफाई कुणाला जमलेली नाही म्हणे. तिने एकाही बोलावण्याला होकार दिला नाही.

पौर्णिमेची ओहोटी आली, गेली. खाडीत कुणी उतरलं नाही. खाडी मात्र अशी नितळ झाली होती की म्हाताऱ्यांना त्यांचं लहानपण आठवावं. मासळी उसळत होती. फेसाचा मागमूस नव्हता. तरी बायका बांधावरूनच माघारी फिरत. घरात चूल पेटायची तर खाडीत उतरणं भाग होतं, आणि उतरायचं म्हटलं की फेसात वाकलेल्या त्या तिघी डोळ्यांपुढे येत.

पुढच्या अमावास्येला दुपारी हर्षदा केंद्राच्या दारात येऊन उभी राहिली. मागे आठ-दहा बायका, हातात टोपल्या. सगळ्यांच्या मागे, रस्त्याच्या पलीकडे, रूपेश.

"ताई," हर्षदा म्हणाली, "सुकती लागलीय. उतरायचं का?"

प्रणिता दारातून एक पाऊल मागे सरली. "मला नका विचारू गो. दुसऱ्या कुणालाही विचारा."

"कोणाला विचारू? पुण्याच्या बाईंना? त्यांनी आमचा पऱ्या बघितला तरी आहे का? मॅनेजरला? तो बांधापर्यंत येत नाही, त्याचे बूट मळतात." हर्षदाने रिकामी टोपली पुढे केली. "पोरांना किती दिवस पेज पाजू? तुझ्या एका शब्दापायी आम्ही पडलो, खरंय. मला उचललं तेही तूच. आता तूच सांग."

प्रणिताने रस्त्यापलीकडे बघितलं. रूपेश जमिनीकडे बघत उभा होता. हो म्हणायला तिची जीभ रेटेना, आणि नाही म्हणायचं तर या बायकांनी खायचं काय? मीटर काढून दाखवावा तर तो त्या दिवशीही शून्यच सांगत होता.

तिने मीटर दारातच ठेवला. बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चालायला लागली. बायका मागोमाग. बांधावर पोचल्यावर सगळ्या थांबल्या. प्रणिता एकटी पऱ्यात उतरली. चिखल घोट्यापर्यंत आला, गार, मऊ. ती कांदळाच्या फाट्याकडे वळली, जिथे तिने त्या दिवशी पाणी पाठवलं नव्हतं. तिथे ती कमरेत वाकली, हात चिखलात घातले आणि मोठा श्वास घेतला. मग एक पाऊल पुढे, पुन्हा वाकून श्वास. वर बायका टोपल्या धरून बघत होत्या.

"याहून खाली," बांधावरून आवाज आला.

तिने मान वर केली. रूपेश काठावर येऊन उभा होता. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच तिच्याशी बोलत होता.

"समिधा याहून खाली वाकायची," तो म्हणाला.

प्रणिता आणखी वाकली. गुडघे टेकले, कोपरं टेकली, गाल चिखलाला लागला. तशीच, चिखलावर तोंड ठेवून, ती श्वास घेत राहिली. भाऊ बस म्हणेपर्यंत तिला उठायचं नव्हतं, आणि भाऊ काही बोलत नव्हता.